बंदूक कोणती हे नंतर. आधी गोळी कुठे थांबेल ते पाहा



मागच्या हंगामात एका तालुका बैठकीत कापसाचा विषय आटोपला आणि मागच्या रांगेतला एक तरुण उठून उभा राहिला. "भाऊ, रायफल कोणती घ्यावी अन् काडतूस कोणतं, तेवढं सांगा. बाकीचं आमचं आम्ही पाहतो." सभा हसली. पण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचे डोळे जागलीने लाल झालेले होते. दाणे भरत आलेली ज्वारी डुकरांच्या कळपाने एका रात्रीत लोळवलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. डुक्कर खाते थोडे, मोडते जास्त. रोही कपाशीचा शेंडा खुडतो आणि हरभऱ्यात लोळतो. पेरणीचा, निंदणीचा, फवारणीचा सगळा खर्च झाल्यावर ही पाहुणेमंडळी येतात.

त्या दिवशी त्या तरुणाला सरळ उत्तर मिळाले नाही. ते आज देतो.

रायफलचे वेड आले कुठून? मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकारीची चित्रे दिसतात त्यातून. तिथला मेंढपाळ कायोटी मारतो. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊ, वजन दहा ते वीस किलो. त्याच्यासाठी तिथे २२३, २२-२५०, २४३ अशा नंबरांची काडतुसे वापरतात. गोळी जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅमची, पण सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगाने जाणारी आणि अंगात शिरताच फुटून जाणारी. दोन-तीनशे मीटरवरून नेम धरायचा, आणि पलीकडे मैलभर माणूस नाही. त्या मुलखाला ते हत्यार शोभते. एवढे करूनही, दरवर्षी हजारोंनी मारूनही, कायोटी काही संपला नाही. उलट जवळपास सगळ्या अमेरिकेत पसरला. ती चित्रे दाखवणारे हे सांगत नाहीत.

आता आपले वावर पाहा. पाच एकरांचा तुकडा, धुऱ्याला धुरा लागून शेजाऱ्याची तूर, दीडशे पावलांवर त्याची मचाण आणि त्या मचाणीवर तुमच्यासारखाच जागलीला बसलेला माणूस. आपल्याकडे ३१५ बोअरची रायफल मिळते, ती सरकारच्या ईशापूरच्या कारखान्यात बनते. तिची गोळी सोळा ग्रॅमच्या घरातली, आणि नेम चुकला तर काही किलोमीटर जाणारी. साधी २२ची रायफलही, जिला लोक खेळणे समजतात, दीड किलोमीटरच्या पुढे माणूस जखमी करू शकते. ज्वारीच्या उभ्या पिकात गोळी अडवायला काही नाही. धांडा गोळी थांबवत नाही. रात्री ज्वारी हलली म्हणून चाप ओढला आणि आत डुकराऐवजी माणूस निघाला, अशा बातम्या पेपरात येतच असतात. म्हणून रायफल नको. तीत दम नाही म्हणून नव्हे, आपल्या वावराला ती फार लांबची आहे म्हणून.

मग काय घ्यावे? गंमत अशी की याचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे, फक्त ते शेतकऱ्याला कोणी वाचून दाखवत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाचा परवाना स्पष्ट दिलेला आहे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे आपली भरमार, आणि भरमार पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक. म्हणजे बारा बोअर. तेव्हा अर्जात नुसते "पीकरक्षणासाठी" लिहून थांबू नका. भरमार का पुरत नाही तेही लिहा. तिला एकच बार आहे, पुन्हा ठासेपर्यंत कळप पलीकडच्या वावरात जातो, आणि भादव्यात दारू ओली झाली की ती काठीच्याही कामाची राहत नाही. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये असेही आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते, मागितल्यावर बहुधा द्यावे लागते, आणि कलम १८ खाली अपील आहे. तरी आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याला खिडकीवरच्या बाबूने विचारले, "तुझी जमीन किती, अन् बंदूक कशाला?" कायदा वाचलेला असता तर तो तिथेच बोलला असता.

बारा बोअर या नावातही हिशेब आहे. नळीच्या मापाचे शिशाचे बारा गोळे एक पौंड भरतात, म्हणून बारा. काडतुसे खडकीच्या सरकारी कारखान्यातली मिळतात. चार आणि सहा नंबरचा छर्रा पाखरांसाठी आहे. तो डुकराला मारला तर डुक्कर मरत नाही, चिडते. डुकराला एल.जी. किंवा एस.जी. लागते. एल.जी.त सहा-सात, एस.जी.त आठ-नऊ मोठे छर्रे असतात. तीस-पस्तीस मीटरच्या आत ते एकत्र लागतात. पुढे पसरतात, एखादा पोटात लागतो, आणि ते जनावर शेजाऱ्याच्या कपाशीत जाऊन बसते. सकाळी तिथे वेचणीला बाया येतात. जखमी डुकराइतके वाईट जनावर दुसरे नाही, आणि ते तुम्ही तिथे पाठवलेले असते. नराच्या खांद्यावर जाड चिवट थर असतो, त्यावर लांबून मारलेला छर्रा वाया जातो. म्हणून अंतर कमी ठेवा, जनावर आडवे येऊ द्या, पुढच्या पायामागे खाली नेम धरा, आणि पूर्ण जनावर बॅटरीच्या उजेडात दिसल्याशिवाय चापाला बोट लावू नका. पसरलेले छर्रेसुद्धा अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडे जातात.

सगळ्यात मोठे हत्यार म्हणजे मचाण. वरून खाली मारलेली गोळी काळ्या मातीत रुतते. जमिनीवर उभे राहून आडवी मारलेली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही. कारखान्यातून आलेली कोणतीही महागडी वस्तू एवढे काम करत नाही, आणि मचाण घरच्या बल्ल्यांची होते.

बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे, इथे पुष्कळ जण फसतात. डुक्कर आणि रोही हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हापासून ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मारलेले जनावर सरकारचे, त्यामुळे मटणाचा वाटा घालायचा विचारही नको. म्हणजे बंदूक एका कचेरीतून, परवानगी दुसऱ्या कचेरीतून, आणि डुक्कर मात्र कोणत्याच कचेरीची वाट पाहत नाही. त्यातच निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात झाली, ऐन बोंडे फुटलेली असताना.

वाघ, बिबट्या, लांडगा यांच्यासाठी तर हा विचारच करायचा नाही. ते पहिल्या अनुसूचीत आहेत, शिक्षा किमान तीन वर्षे. नरभक्षक ठरलेल्या जनावरालाही मारण्याचा हुकूम फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देतो, तोही ते पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही अशी खात्री झाल्यावर. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याच्या कापूसपट्ट्यात अवनी वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू धरले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. तेव्हा जाणते शिकारी आणि वनखात्याचा ताफा तिथे होता, तरी त्या गोळीवरून वाद झाले, चौकश्या झाल्या. तुमच्या एकट्याच्या गोळीचे काय होईल ते ओळखा. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेले तर गुन्हा नाही, एवढे मात्र कायद्यात आहे. आणि एक हिशेबही ध्यानात ठेवा. डुकराची पिले खाणारा बिबट्या आणि लांडगा हे बिनपगारी जागले आहेत. ते गेले तर डुकरे आणखी वाढतील.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतले ते. परवाना मिळत नाही, परवानगी वेळेत येत नाही, म्हणून माणसे तारेत थेट वीज सोडतात. हे कोणीही निवडलेले हत्यार नाही, नाइलाजातून आलेले आहे, आणि सगळ्यांत घातक आहे. बंदुकीमागे निदान दोन डोळे असतात. तारेला डुक्कर, वाघ, शेजाऱ्याचा पोरगा आणि पहाटे पाणी सोडायला गेलेला स्वतःचा बाप यांतला फरक कळत नाही. तिने आपल्या मुलखात वाघ मेले आणि शेतकरीही मेले. ज्याने तार लावली तो सदोष मनुष्यवधात आत गेला, आणि मागे राहिलेल्या बाईला ना नुकसानभरपाई ना गावात तोंड. सौरकुंपण वेगळे. ते क्षणभर झटका देते आणि सोडते, जीव घेत नाही. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती खांबावरून आकडा टाकून आणलेल्या विजेला. ज्यांच्या वावरात अशी तार आहे त्यांनी ती आज दिवस मावळायच्या आत काढावी. जिल्हा बैठकीची वाट पाहू नये.

बैठकीत हा विषय घेतला आहे. ज्यांनी गेल्या दोन वर्षांत पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी किंवा वनखात्याच्या परवानगीसाठी अर्ज केला, त्यांनी अर्जाची पोच आणि आलेले उत्तर सोबत आणावे. उत्तर आलेच नसेल तर नुसती पोच आणावी, तारीख वाचता येईल अशी.