तुमच्या एका शब्दाने कुणाचा तरी धंदा उभा राहू शकतो



"सर, आमची कुठे एवढी ओळख? आमच्या शब्दाला कोण विचारतं?" ट्रेनिंगमध्ये हे मी कायम ऐकतो. माझं मत स्पष्ट आहे. ज्याची उधारी वेळेवर फिटते, त्याच्या शब्दाला बाजारात वजन असतंच. ते वजन आपण फक्त स्वतःसाठी वापरतो का, एवढाच प्रश्न आहे.

लिज्जत पापडाचंच बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिली चार पाकिटं घेतली ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने.

पण छगनबाप्पांनी नुसते पैसे देऊन हात झटकले नाहीत. बायका आधी दोन प्रतींचे पापड करत होत्या, हलका माल स्वस्तात विकायला. बाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, चांगली ठेवा. हिशेब चोख ठेवा आणि हे काम धंदा म्हणूनच करा. मालकी मात्र बायकांचीच राहिली. पुढे हजारो जणींना त्यातून रोजगार मिळाला.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही: बाप्पांनी आपलं वजन वापरून बायकांना पायावर उभं केलं, आपल्यावर अवलंबून ठेवलं नाही.

तुम्हीही हे करू शकता. तुमचा होलसेलवाला नव्या माणसाला माल देत नसेल, तर एक फोन करा. शेजारची ताई मसाले करत असेल, तर दोन पुड्या आपल्या काउंटरवर ठेवा. फक्त तीन पथ्यं पाळा:

१. माल स्वतः वापरून बघा, मगच शब्द टाका. शब्द खोटा ठरला तर पत तुमची जाते.
२. ओळख करून देणं वेगळं, उधारीला जामीन राहणं वेगळं. दोन्हीत गल्लत नको.
३. कमिशन मागू नका आणि केलेली मदत चारचौघांत बोलून दाखवू नका.

"उद्या तोच माझा स्पर्धक झाला तर?" होऊ दे की! दुकानं वाढली की गिऱ्हाईकही त्या गल्लीत जास्त येतं.

या आठवड्यात एका माणसासाठी एक फोन कराच. कुणासाठी केला, ते मला नाही सांगितलं तरी चालेल.