पहिल्या कामाचा भाव

कापडाचा भाव सांगण्यापूर्वी आम्ही व्यापारी सुताचा दर, मागाची मजुरी, प्रोसेसचा खर्च, घट आणि उधारीचे दिवस असे सगळे जोडतो. मागाची मजुरी तर पिकावर, म्हणजे एका इंचात किती आडवे धागे पडतात त्यावर, पैशापैशाने ठरते. फोटोग्राफीच्या धंद्यात उतरणाऱ्या आमच्या मुलांना मात्र हा हिशेब कोणी शिकवलेला नाही.

मागच्या हंगामात आम्हाला ड्रेस मटेरियलच्या चाळीस डिझाइनचे फोटो हवे होते. हल्ली बाहेरगावचे गिऱ्हाईक आधी व्हॉट्सॲपवर माल पाहते. ओळखीतल्या एका मुलाला काम दिले. त्याचे ते पैशाचे पहिलेच काम. भाव विचारला तर म्हणाला, "चाचा, तुम्ही द्याल ते द्या." आम्ही दीड हजार रुपये दिले आणि स्वस्तात काम झाले म्हणून खूश झालो. नंतर कळले की लाइटचे भाडे आठशे आणि रिक्षाचे दोनशे त्याने पदरचे भरले होते. उरले पाचशे, तेही दोन दिवसांचे. एक दिवस फोटो काढण्याचा, दुसरा ते कॉम्प्युटरवर नीट करण्याचा. आमच्या दुकानातला हमाल एका दिवसात याहून जास्त कमावतो. आम्हाला शरम वाटली. मुलाला बोलावून फरक दिला आणि त्याच्यासमोर वही उघडली.

हिशेब असा. समजा कॅमेरा व लेन्स ९०,००० रुपयांचे आणि ते तीन वर्षे चालणार. वर्षाला घसारा ३०,०००. वर्षात फोटो काढण्याचे दिवस १०० मिळाले तर दिवसाला ३०० रुपये कॅमेऱ्याचे. घरखर्च, वीज, फोन, दुरुस्ती मिळून महिना २५,००० लागत असतील तर वर्षाचे ३ लाख, म्हणजे कामाच्या दिवसाला ३,०००. बाकीचे दिवस फोटो नीट करण्यात, काम शोधण्यात आणि वसुलीत जातात. त्यांचा खर्चही याच १०० दिवसांतून निघायचा. त्यात लाइट व रिक्षाचे १,००० धरले की झाले ४,३००. दहा टक्के नफा धरून ४,७३०. हा खरा भाव. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण रीत हीच.

पहिले काम आहे, नाव व्हायचे आहे, म्हणून सूट द्यावीशी वाटली तर जरूर द्यावी. मात्र बिलावर पूर्ण भाव लिहून त्याखाली सूट दाखवावी. नाहीतर तीच रक्कम आपला कायमचा भाव होऊन बसते. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले तर भावाबरोबर फोटोंची संख्याही कमी करावी. आम्ही कमी भावात कमी पिकाचे कापड देतो, तसेच.

काम घेण्यापूर्वी फोटो किती, दुरुस्त्या किती वेळा आणि वापर कुठे, हे एका कागदावर लिहून निम्मी रक्कम विसार म्हणून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल तर तसे आधीच लिहून घ्यावे. देऊन टाकायचा असेल तर तो भावात धरावा.

आमच्या व्यापारी बांधवांनाही एक सांगणे आहे. उर्दूत अशा मोबदल्याला 'मेहनताना' म्हणतात, म्हणजे मेहनतीचे मोल. ते मुलाच्या संकोचावर ठरवू नये. "द्याल ते द्या" म्हणणाऱ्याला आपणच विचारावे, "बेटा, तुझा खर्च किती?"