तात्यांना श्रीलंकेबद्दल विचारण्याआधी

26 जुलैला आपल्याकडे कारगिलचा विजय दिवस जोरात होतो. शाळा माजी सैनिकांना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, पोरं गाणी म्हणतात. तीन दिवसांनी 29 जुलै येतो आणि कुणाच्या लक्षातही न येता जातो. 1987 साली याच तारखेला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि लगोलग आपली फौज त्या बेटावर उतरली. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी परत निघाली, तोवर सुमारे बाराशे भारतीय सैनिक तिथं मारले गेले होते. कारगिलमध्ये मारले गेलेल्यांच्या दुपटीहून जास्त.

मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी त्या फौजेत होत्या. त्यामुळे तिथून परतलेले लोक आपल्या गावांत आहेत. तेव्हा विशीत असलेला जवान आज साठीच्या आसपास आहे, तेव्हाचा सुभेदार ऐंशीकडे झुकलाय. घरच्यांना बहुधा एवढंच माहीत असतं की तात्या श्रीलंकेत होते. हे लिहितोय ते त्या घरच्यांसाठी, त्यांच्या नातवंडांसाठी आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या सरपंच-मुख्याध्यापकांसाठी.

पहिली गोष्ट म्हणजे तात्यांकडून कारगिलसारखी गोष्ट निघेल अशी अपेक्षा धरू नका. कारगिलमध्ये शत्रू कोण, चौकी कुठली, झेंडा कधी लागला, सगळं स्पष्ट होतं. श्रीलंकेत आपली फौज गेली ती तमिळ अतिरेक्यांची शस्त्रं जमा करायला आणि ते व श्रीलंकेचं लष्कर या दोन्ही बाजूंना आवरायला. तमिळांच्या जाफन्यात सुरुवातीला लोकांनी हार घातले. अडीच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं आणि ज्या तमिळ समाजाच्या रक्षणासाठी गेलो त्याच समाजातल्या ‘लिट्टे’ या अतिरेकी संघटनेशी लढाई जुंपली. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण उतरले. बाकीची कुमक त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. एकोणतीस जण मारले गेले, एक कैद झाला. या अतिरेकी संघटनांना काही वर्षं आधी प्रशिक्षण दिलं होतं ते आपल्याच देशानं. हे जवानाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, नंतर वर्तमानपत्रांतून कळलं.

मग सिंहली लोकांना आपण घुसखोर वाटलो आणि तमिळांना वैरी. 1989 मध्ये श्रीलंकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, निघून जा म्हणून सांगितलं, इकडे दिल्लीतलं सरकारही बदललं. मद्रासच्या बंदरात फौज उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. वर्षभरानं, 21 मे 1991 ला, श्रीपेरंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. आपण तिथं जिंकलो की हरलो, असं तात्यांना विचारून पाहा. त्यांना सरळ उत्तर देता येणार नाही, कारण ते देशालाच देता आलेलं नाही.

म्हणून एकाच माणसात दोन्ही दिसतं. आमची कुणी दखल घेतली नाही, हा राग असतो. आणि दखल घ्यायला कुणी आलं की, जाऊ द्या, कशाला उकरायचं, असंही तोच म्हणतो. हा विक्षिप्तपणा नाही. सोबत्याचं नाव निघावं असं त्याला वाटतं, पण ते नाव निघालं की मागून काय काय निघेल याची धास्तीही वाटते. साध्या वेशातल्या माणसांतून गोळी येत होती, रस्त्याखाली सुरुंग पेरलेले होते, समोरचं पोर पंधरा वर्षांचं असून त्याच्या गळ्यात सायनाइडची कुपी होती. अशा ठिकाणी चुका होतात, आणि काही गोष्टी चुका म्हणून सोडून देण्याच्या पलीकडच्या असतात. 21 ऑक्टोबर 1987 ला, तिथल्या दीपावलीच्या दिवशी, जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात भारतीय फौजेच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठच्या वर माणसं मारली गेली, असं तिथले लोक सांगतात. लष्कराकडून ते चकमकीत सापडले असं सांगितलं गेलं. तिथल्या लोकांचं म्हणणं आपण ऐकून घ्यायला हवं, असं मला वाटतं. तसं ऐकल्यानं तात्यांचा अपमान होत नाही. त्यांनी स्वतः काही वाईट केलं नसेलही, पण डोळ्यांनी काय पाहिलं ते आपल्याला ठाऊक नाही. जयघोषाच्या मंडपात ते सांगायला जागाच नसते.

तेव्हा विचारायचं कसं? पोरांना आधी बजावून ठेवा की, ‘आजोबा, तुम्ही किती मारले?’ हा प्रश्न विचारायचा नाही. बोटीतून गेलात की विमानातून, पाऊस कसा होता, जेवायला काय मिळायचं, भाषेचं कसं जमवायचात, इथून सुरुवात करा. पलटणीचं नाव विचारा, जोडीदाराचं विचारा. बोलता बोलता ते थांबले तर तुम्हीही थांबा, चहा ठेवा, दुसरा विषय काढा. विचारल्याशिवाय मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका आणि केलंत तर गावच्या ग्रुपवर टाकू नका. सन-तारीख चुकली म्हणून मध्येच टोकू नका, इंटरनेटवर बघून तर मुळीच नाही. तो इतिहासाचा पेपर नव्हे. ‘मद्रास कॅफे’ सिनेमा पाहून सगळं समजलं असं वाटणाऱ्या नातवालाही हे सांगा.

घरातल्या बाईलाही विचारा. 56 एपीओच्या लष्करी पत्त्यावर पत्रं टाकत तिनं ती वर्षं काढली. तार आली की घरात चूल पेटायची नाही, कुणाची आहे ते कळेपर्यंत. तिला कुणी कधी माईक दिलेला नाही. आणि बऱ्याचदा रात्री दचकून उठणारा नवरा तिनंच सांभाळलेला असतो.

फौजी माणूस फौजी माणसाजवळच मोकळा होतो. पलटणीच्या स्थापना दिनाचं बोलावणं आलं, बेळगावला किंवा सागरला जायचं निघालं, की मुलं म्हणतात, या वयात कशाला दगदग? असं म्हणू नका. तिकीट काढून द्या, गरज असेल तर सोबत जा आणि तिथं बाजूला बसा. काहींना पलालीला, जिथं आपल्या जवानांचं स्मारक आहे, परत जाऊन डोकं टेकवावंसं वाटतं. काहींना त्या बेटाचं नावही नको असतं. दोघांचंही खरं माना.

लिहून ठेवण्याची तर घाई करायला हवी. श्रीलंकेच्या मोहिमेवर सेनापतींनी पुस्तकं लिहिली आहेत. मेजर जनरल हरकिरत सिंग, लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग, आणि ‘असाइनमेंट जाफना’ लिहिणारे लेफ्टनंट जनरल एस. सी. सरदेशपांडे. पण नाईक-हवालदारांचं मराठीतून काय आलं? फारच थोडं. तात्या तयार असतील तर त्यांच्या शब्दांत, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या, वाचून दाखवा, नको म्हणतील तेवढं काढून टाका. छापायचं की पेटीत ठेवायचं, हे तेच ठरवतील.

तात्या, तुम्ही हे वाचत असाल तर एक शब्द तुमच्यासाठी. बोललंच पाहिजे असं नाही. पण झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, घरच्यांवर उगाच हात उगारला जात असेल, तर ते वयाचं किंवा स्वभावाचं म्हणून अंगावर काढू नका. टेलिमानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर कोणत्याही वेळी, फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. ताप आला तर पलटणीच्या दवाखान्यात, एमआय रूममध्ये जायला आपण लाजत नव्हतो, मग यालाच का लाजायचं?

गावकऱ्यांना शेवटची विनंती 25 नोव्हेंबरची. मुंबईत जन्मलेले 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 1987 साली त्या दिवशी श्रीलंकेत छातीत गोळी लागलेली असताना लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. येत्या 25 नोव्हेंबरला आपल्या तालुक्यातून श्रीलंकेत गेलेल्या आणि न परतलेल्या जवानांची नावं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून काढा आणि ग्रामपंचायतीत वाचा. वीरपत्नीला पहिल्या रांगेत बसवा. पुढाऱ्यांची भाषणं ठेवू नका. तात्यांना आदल्या आठवड्यात घरी जाऊन सांगा की यायचं तर या, बोलायचं तर बोला, आणि नाही आलात तरी आम्ही वाईट वाटून घेणार नाही.