शर्यत संपली, आता रस्ता कुणाचा?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. एकूण अंतर सुमारे ४३७ किलोमीटर. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती अशा भागांतून परदेशी सायकलपटू वाऱ्यासारखे निघून गेले. त्यांच्यासाठी रस्त्यांवर नवं डांबर पडलं, खड्डे बुजले आणि शर्यतीच्या वेळेपुरती वाहतूकही थांबली. पुणं पुन्हा सायकलींचं शहर झालं, असं तेव्हा बरंच ऐकलं. माझं भांडण या वाक्याशी आहे.

रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे तो सायकलीचा झाला असं होत नाही. उलट बहुतेक वेळा तो सायकलीच्या हातून जातो. गावाकडच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी आपोआप हळू चालते, कारण रस्ताच तिला पळू देत नाही. त्याच रस्त्याला नवं डांबर मिळालं आणि वेगाला कुठलाच अटकाव ठेवला नाही, की तीच गाडी दुप्पट वेगाने येते. वेग ३० वरून ६० वर गेला की धडकेची ताकद दुप्पट नाही, चौपट होते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. ते रस्ते बांधणाऱ्यांना माहीत नाही असं मी मानत नाही.

मी कोंढव्याकडे राहतो. आमच्याकडून बोपदेव घाट चढला की सासवड. एके काळी ही वाट भल्या पहाटे सायकलवाल्यांची आणि दूधवाल्यांची असायची. आता घाटाच्या दोन्ही बाजूंनी शहर फुगलं आहे आणि हडपसरकडच्या दिवे घाटात कोंडी झाली की गाड्यांचा लोंढा इकडे वळतो. पानशेतची वाट बघा, मुळशीवरून ताम्हिणीत उतरणारी वाट बघा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणीत सायकल घालणं म्हणजे मोटारींच्या रांगेत धूर खात उभं राहणं. शांत रस्ते संपत चालले आहेत आणि आपण त्यांच्या नावाने शर्यती भरवतो आहोत.

“शांत रस्ते हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. लाखाची सायकल, चटकदार कपडे, घाटावर फोटो. सरकारने यांच्यासाठी काय म्हणून धडपडायचं?” असं म्हणणारे भेटतात. रविवारच्या सायकलस्वारांची थट्टा मीही ऐकतो आणि कधी कधी हसतोही. पण गावाच्या रस्त्यावर मंगळवारी दुपारी सायकल कोण चालवतं, तेही बघा. आठवीतली मुलगी चालवते, जिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे. कंपनीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा रखवालदार चालवतो. बांधकामावरचा बिहारी मजूर चालवतो, पावाची पेटी बांधलेला बेकरीतला पोरगा चालवतो. यांच्यापुढे गाडी घेण्याचा पर्याय नाही. शांत रस्त्याची खरी गरज यांना आहे. हौशी माणूस रस्ता धोक्याचा झाला की सायकल विकून टाकतो. मजूर विकत नाही, तो जीव मुठीत धरून चालवत राहतो. त्याची बातमी झालीच तर आतल्या पानावर दोन ओळींची, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’.

सायकल म्हटलं की आमच्या समाजाला आणखी एक शब्द चिकटतो, पंक्चरवाला. समाजमाध्यमांवर तो शिवीसारखा वापरतात. एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या सभेत खुद्द पंतप्रधानांनी वक्फचा विषय काढून, मुस्लिम तरुणांवर सायकलचे पंक्चर काढत जगायची वेळ आल्याचं म्हटलं. तरुणांना शिक्षण मिळावं, मोठ्या नोकऱ्या मिळाव्यात, याबद्दल वाद नाही. पण पंक्चर काढणं यात लाजण्यासारखं काय आहे? पुण्याच्या पेठांत, खडकी-पिंपरीच्या कारखान्यांच्या वाटांवर ज्या काळी कामगारांच्या सायकलींच्या झुंडी धावत, तेव्हा त्या झुंडी चालू ठेवणारा माणूस पाण्याचं घमेलं आणि रबर सोल्युशन घेऊन कोपऱ्यावर बसलेला असे. त्याचं दुकान गेलं ते तो मागासलेला होता म्हणून नव्हे. रस्त्यावरून सायकल हुसकली गेली, तिच्याबरोबर तोही गेला. ज्या शहराला पंक्चरवाला हा विनोद वाटतो, त्याने सायकलींचं शहर म्हणून मिरवू नये.

बरं, कागदावर आपण कुणाच्याही मागे नाही. केंद्राचं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण २००६ चं. वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची, हे त्याचं मूळ सूत्र. त्याच वर्षी पुण्यात बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकल मार्ग आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि भाड्याच्या सायकलीही रस्त्यावर आणल्या. त्या सायकलींचं पुढे काय झालं हे पुणेकरांना सांगायला नको. सायकल मार्गांवर आज दुचाक्या धावतात, हातगाड्या आणि पार्किंग असतं. आराखडा नव्हता म्हणून हे घडलं नाही. मोटारीला कुठेही ‘नाही’ म्हणायची कुणाची तयारी नव्हती.

‘नाही’ म्हणता येतं का? येतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ खाली वेगमर्यादा घालता येते. कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर मोटारींना मनाई करता येते किंवा बंधन घालता येतं. आणि आपण हे करतोच. दर वर्षी माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा घाट वाहनांना बंद होतो, वाहतूक दुसरीकडे वळते आणि कुणाचं आभाळ कोसळत नाही. पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करण्याची रीत या मातीत आहे. आमच्याकडेही वाटेतला काटा-दगड बाजूला करणं हा ईमानाचाच भाग मानतात. आज वाटेतला सगळ्यात मोठा दगड म्हणजे बेफाम वेग.

बाहेरचे दाखलेही आहेत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकापासून दर रविवारी सकाळी मुख्य रस्ते मोटारींना बंद करून सायकल आणि पायी चालणाऱ्यांना दिले जातात. बोगोटा काही श्रीमंत युरोपातलं नाही. नेदरलँड्समध्ये तर अशा रस्त्यांवर पाटीच असते की इथे मोटार पाहुणी आहे. पाहुण्याने घरात कसं वागावं हे मराठी माणसाला शिकवायला लागू नये.

हाच प्रश्न घाट उतरून कोकणात गेल्यावर आणखी मोठा होतो. पुण्याचे सायकलवाले ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धनला जातात, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग बॅरिस्टर अंतुले यांचं स्वप्न म्हणून कोकणात ओळखला जातो. खाड्यांनी तुटलेली गावं जोडावीत ही त्यामागची तळमळ, आणि त्या गावांत हिंदू-मुसलमान दोघंही राहतात. आज दिघी–आगरदांडा, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. याच बोटींमुळे हा किनारा अजून शांत आहे. आता मोठे पूल होणार आहेत. ते व्हायलाच हवेत. बाळंतीण बाईने बोटीची वाट बघत बसावं, असं म्हणणारा सायकलवाला मला मान्य नाही. पण पुलावर सायकलींसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी हवी आणि वस्तीतून जाणारा जुना रस्ता ३० च्या वेगाला बांधलेला हवा. हे आज नकाशात आलं नाही तर पूल उभा राहिल्यावर कुणीही करणार नाही.

मागणी साधी आहे. ज्या रस्त्यांवर शर्यत धावली, त्यातला निदान एक पट्टा प्रत्येक तालुक्याने कायमचा सायकलींना प्राधान्याचा म्हणून जाहीर करावा. तिथे ३० ची मर्यादा, वस्तीजवळ गतिरोधक आणि रविवारी सकाळी बाहेरच्या मोटारींना मनाई. गावकऱ्यांच्या गाड्या, एसटी, रुग्णवाहिका, शेतमालाचे टेम्पो यांना मुभा राहील, म्हणजे गैरसोयीची तक्रार उरत नाही. थांबेल ती फक्त शॉर्टकट शोधत घुसणारी आणि रिळं काढायला येणारी गर्दी.

परदेशी सायकलपटूंसाठी प्रशासनाने पाच दिवस रस्ते रिकामे करून दाखवले. ते जमतं, हे सिद्ध झालं. शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी आणि रखवालदारासाठी ते का जमू नये, याचं उत्तर आता पालकमंत्र्यांनी, जिल्हाधिकाऱ्यांनी आणि महापालिकेने द्यावं.