आलेख काढता येतो, सांगता येत नाही

माननीय अध्यक्ष,
गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पर्वरी



पणजीत मी आयेल्ट्स (IELTS) या इंग्रजीच्या परीक्षेची शिकवणी घेतो. परदेशी नर्सिंगला किंवा शिकायला निघालेली पेडणे-डिचोलीची बरीच मुलं येतात. निबंध कसाबसा होतो. घोडं अडतं ते लेखनाच्या पहिल्याच प्रश्नावर. समोर आलेख, तक्ता, नकाशा नाहीतर एखाद्या प्रक्रियेची आकृती असते. वीसेक मिनिटांत त्याचं निदान 150 शब्दांत वर्णन करायचं.

इंग्रजी कच्चं, असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. तोच आलेख मराठीत सांगायला लावला, तरी मुलं डावीकडून उजवीकडे एकेक आकडा वाचत सुटतात. ‘एकूण काय दिसतं?’ म्हटलं की गप्प. आणि मुख्य कल एक-दोन वाक्यांत न सांगणाऱ्या उत्तराला या परीक्षेत चांगला बँड (श्रेणी) मिळत नाही.

एकदा वर्गात गोव्याच्या लोहखनिज निर्यातीचा आलेख लावला. 2010-11 मध्ये 5 कोटी टनांच्या वर गेलेली रेघ 2012 च्या खाणबंदीनंतर कोसळते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून खाणी सुरू करू दिल्यावर थोडी उठते, 2018 मध्ये पुन्हा पडते. डिचोलीच्या मुलांनी लिहिलं काय? बेकायदा खाणींची चौकशी करणारा शहा आयोग, दारात उभे राहिलेले ट्रक, बँकेचे हप्ते. सगळं खरं, पण आलेखात नसलेलं! परीक्षक कारणं विचारतच नाही. ज्याच्या घरचा ट्रक बंद पडला त्याला ही अट निष्ठुर वाटणारच. तरी दिसतं ते आणि ठाऊक आहे ते वेगळं ठेवता यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पण फेणी कशी करतात ते विचारा, मग बघा. कोळंबीत (दगडी कुंडात) काजूचे बोंडू तुडवण्यापासून रस, आंबवणं, भट्टी, हुर्राक आणि शेवटी फेणी, पेडण्याची मुलं एकही पायरी चुकत नाहीत. मोपाचं पठार विमानतळाआधी कसं होतं तेही नकाशासारखं सांगतात. म्हणजे सांगण्याची ताकद आहे.

अडचण पाचवीत आहे. चौथीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम इंग्रजी. भूगोल-गणितातले आलेख नेमके या वळणानंतर वाढतात; मराठीत सांगायची संधी गेलेली असते, इंग्रजी अजून जिभेवर बसलेलं नसतं. मुलं मुकाट्याने आलेख काढतात, रंगवतात, पुढचं गणित घेतात.

महाराष्ट्राच्या दहावीत इंग्रजीच्या पेपरात तक्त्यावरून परिच्छेद लिहायला असतो. माझी विनंती जरा वेगळी आहे: असा प्रश्न आधी मराठी आणि कोकणीच्या पेपरात यावा. पणजीचा महिनावार पाऊस द्या, पाच-सहा ओळी मागा, आणि निम्मे गुण ‘एकूण काय दिसतं’ याला ठेवा. गुण कुठून आणायचे हा प्रश्न असेल तर निबंधातून काढा. पाठ केलेल्या निबंधांचं फार नुकसान होणार नाही.

आपला,
पणजीतील एक इंग्रजी शिक्षक