ठिगळाआधीच चोर आत!

कापडाच्या धंद्यात माझी ३० वर्षे गेली. तागा उलगडताना भोक दिसले तर आम्ही रफूगराला बोलावतो आणि रफू होईपर्यंत तो तागा गिऱ्हाइकापुढे ठेवत नाही. संगणकाच्या धंद्यात मात्र हा साधा रिवाज नाही आणि त्याची किंमत दुकानदार मोजतो.

संगणकाचा प्रोग्रॅमही विणलेलाच माल आहे. त्यातले भोक बुजवायला बनवणारा जी दुरुस्ती पाठवतो, तिचे नावच 'पॅच', म्हणजे ठिगळ. ठिगळ तयार होण्याआधीच चोर त्या भोकातून शिरला, तर त्या हल्ल्याला 'झिरो डे' म्हणतात. बनवणाऱ्याच्या हाती सावरायला एकही दिवस नसतो.

२ जुलै २०२१ चीच गोष्ट घ्या. अमेरिकेतील कासेया कंपनीचा व्हीएसए हा प्रोग्रॅम दुसऱ्यांचे संगणक दुरून सांभाळण्यासाठी वापरतात. रेव्हिल नावाची टोळी त्यातून शिरली, दुरुस्तीच्याच बहाण्याने तिने लोकांच्या संगणकांना कुलूप घातले आणि सगळ्यांच्या किल्लीसाठी ७ कोटी डॉलर मागितले. कंपनीच्या अंदाजाने ८०० ते १,५०० धंदे अडकले. स्वीडनमध्ये 'कूप' या किराणा दुकानांच्या साखळीची सुमारे ८०० दुकाने बंद पडली. कूपचा कासेयाशी थेट व्यवहार नव्हता. गल्ल्यावरची यंत्रे पुरवणारा ठेकेदार तो प्रोग्रॅम वापरत होता. दुकानात माल भरलेला, पण बिल करता येईना!

दुःखाची बाब अशी की हे भोक ठाऊक होते. नेदरलँड्समधील डीआयव्हीडी या स्वयंसेवी संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच ते कंपनीला कळवले होते. दुरुस्तीचे काम चालू असतानाच चोरांनी डाव साधला.

आधी बोभाटा केला तर चोरही सावध होतो, असे जाणकार म्हणतात. ते मला मान्य आहे. पण भोक कुठे आहे हे न सांगताही गिऱ्हाइकाला 'काही दिवस यंत्र इंटरनेटपासून तोडा' असे सांगता येते. खबर फुटण्याचा धोका आहे, तरी गिऱ्हाइकाला गाफील ठेवण्यापेक्षा तो बरा. हल्ल्यानंतर कंपनीने यंत्रे बंद करायला सांगितले, तेव्हा इंटरनेटवर उघडी असलेली २,२०० हून अधिक यंत्रे ४८ तासांत १४० च्या खाली आली. ठिगळ आले ११ जुलैला. म्हणजे ठिगळ नसतानाही शटर ओढता येत होते.

व्यापारी बांधवांनो, बनवणारा सांगेल तेव्हा सांगेल, आपण आपले घर सांभाळावे. बिलांचा व उधारीचा हिसाब रोज रात्री वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून ठेवा, कारण जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप लागते. गल्ल्याजवळ छापील पावतीपुस्तक असू द्या. आपल्या संगणकात दुरून कोण शिरू शकतो, आणि काम नसताना ती वाट बंद ठेवता येईल का, हे संगणकवाल्याला विचारा. ठिगळ आले की त्याच दिवशी लावून घ्या.

कारागिराची मजुरी आणि व्यापाऱ्याचे देणे ही आपल्याकडे लोकांची अमानत असते. 'यंत्र बंद पडले' हे उत्तर त्यांच्यापुढे चालणार नाही.