‘ओआरएस’ची तीन अक्षरे आणि आतड्यातले एक दार

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक छोटासा आदेश काढला. कोणत्याही खाद्यपदार्थाच्या वा पेयाच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरायची नाहीत, पुढेमागे आणखी काही जोडूनही नाहीत. याच प्राधिकरणाने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अशी सवलत दिली होती. अट एवढीच की, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेले ओआरएस नाही, असे लेबलवर छापायचे. ती सवलत आता गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यासाठी कित्येक वर्षे भांडत होत्या. आदेशानंतर काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण ऑक्टोबर संपता संपता न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याचीच बाजू उचलून धरली.

हा सगळा वाद नावाचा आहे, असे पुष्कळांना वाटले. पेयात साखर, मीठ आणि पाणी आहेच, मग नाव काही का असेना? हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. त्याचे उत्तर मात्र लेबलवर नाही, आतड्याच्या पेशीभोवतीच्या पापुद्र्यात आहे.

शरीरातल्या प्रत्येक पेशीला स्निग्ध पदार्थाचे दुपदरी आवरण असते. जाडी सुमारे पाच नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. ते दुपदरी असल्याचे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या नेदरलँड्समधल्या दोघांनी दाखवले. तांबड्या पेशींतली चरबी काढून त्यांनी ती पाण्यावर पसरवली, तेव्हा तिने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. हे आवरण तेलकट आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे कळते. तेलात मीठ टाकून पाहा, विरघळत नाही. साखरही नाही. प्राणवायू किंवा अल्कोहोल या आवरणातून सहज पार होतात, पण मिठातले सोडियम आणि साखरेतले ग्लुकोज बाहेरच अडतात. त्यांना आत जायला प्रथिनांची दारे लागतात आणि प्रत्येक दाराचे नियम वेगळे.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर असे एक दार आहे. शास्त्रज्ञ त्याला एसजीएलटी-१ म्हणतात. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण एकत्र आले, तरच ते उघडते. एकट्या ग्लुकोजला तिथे प्रवेश नाही. पेशीच्या मागच्या, रक्ताकडच्या बाजूला एक पंप सतत चालू असतो. तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. हा पंप शोधणारे डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले. पंपामुळे पेशीत सोडियमचा तुटवडा राहतो, बाहेरचे सोडियम आत यायला धडपडते आणि येताना ग्लुकोजला ओढून आणते. दोघे आत गेले की त्यांच्यामागे पाणी जाते. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. तेव्हा जुलाबाचा विषय त्यात नव्हता.

जुलाबाशी त्याचा संबंध असा. कॉलऱ्याच्या जंतूचे विष आतड्याच्या पेशीतले क्लोराइडचे दार उघडे ठेवून अडकवून टाकते. क्लोराइड बाहेर वाहते, मागोमाग सोडियम आणि पाणी. तीव्र कॉलऱ्यात रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. अशा वेळी नुसते मीठपाणी पाजले तर ते फारसे शोषले जात नाही, कारण एकट्या सोडियमची वाटही या विषाने बिघडलेली असते. एसजीएलटी-१ला मात्र ते हात लावत नाही. जोडीचे दार शाबूत राहते.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली. तोंडाने द्यायच्या द्रावणाचे प्रयोग ढाका आणि कोलकात्याला रुग्णालयांत झाले होते, पण चिखलातल्या छावणीत ते चालेल का, हे कुणी पाहिले नव्हते. महालनबीसांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला. पिंपांमध्ये द्रावण कालवून ते नातेवाइकांच्या हाती दिले आणि पाजत राहायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाले. यावर काय बोलावे!

या द्रावणाची ताकद प्रमाणात आहे. आजच्या सूत्रात लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. वजने वेगळी असली तरी कणांच्या संख्येत ग्लुकोज आणि सोडियम बरोबरीने येतात, दोन्ही ७५ मिलिमोल. दाराला दोनास एक लागते, मग बरोबरी का? कारण आतड्यात शरीरातले सोडियम आधीच झिरपत असते. सगळे कण मिळून द्रावणाची दाटी २४५ होते. रक्ताची साधारण २९० असते. पूर्वीचे सूत्र ३११चे होते. नव्या सूत्राने मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी होतात असे दिसल्यावर २००२ मध्ये ते बदलले. म्हणजे ३११वरून २४५वर येण्यानेसुद्धा फरक पडतो.

आता बाजारातले नेहमीचे गोड पेय घ्या. लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर आणि सोडियम अगदी थोडे. आतड्यात ही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि दाटी रक्ताच्या जवळपास दुप्पट होते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तेच इथे घडते. दारातून आत न गेलेली साखर आतड्यात साचते आणि रक्तातले पाणी उलट बाहेर ओढते. जुलाब वाढतात. जुलाब वाढले म्हणून आई तेच पेय आणखी पाजते. निरोगी माणसाने तहान भागवायला ते प्यायले तर बिघडत नाही, पण दहा महिन्यांच्या, जुलाबाने मलूल झालेल्या बाळाला ते ‘ओआरएस’ म्हणून देणे धोक्याचे आहे.

म्हणून जुन्या सवलतीतली अट मला कधीच पटली नाही. रात्री अकराला मेडिकलच्या काउंटरवर उभा असलेला बाप खोक्याच्या कोपऱ्यातली बारीक इंग्रजी ओळ वाचणार, हे गृहीत धरणेच चूक होते. त्याने ‘ओआरएस द्या’ म्हटले आणि समोर आले त्यावर तीच अक्षरे मोठ्या टाइपात होती, एवढे त्याला पुरेसे होते. पुडी स्वस्त, तिच्यात दुकानदाराला फारसे सुटत नाही, हेही विसरून चालणार नाही.

आदेशाने प्रश्न मिटला असे मात्र नाही. अक्षरे गेली तरी पेये राहणार आणि ‘इलेक्ट्रोलाइट’ हा शब्द सगळ्यांना मोकळा आहे. दुसरीकडे, खरे सूत्र पाळणारे तयार द्रावणही खोक्यात मिळते, त्यामुळे खोके वाईट आणि पुडी चांगली, असा सरळ हिशेब करता येत नाही. लेबलवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा स्पष्ट उल्लेख आणि घटकांचे वर दिलेले प्रमाण आहे का, हे पाहावे लागते. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत, जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच ओआरएस मिळाल्याचे दिसले. उरलेल्यांपर्यंत पुडी पोहोचवणे हे काम एफएसएसएआयचे नाही, आरोग्य खात्याचे आणि आशा ताईंचे आहे.

पुडी घरात आली तरी एक चूक सर्रास होते. मोठी पुडी पूर्ण लिटरभर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली किंवा थोडी थोडी चिमटीने घातली, तर प्रमाण मोडते आणि आपण पुन्हा गोड पेयाच्याच वाटेवर जातो. चवीसाठी वर साखर घालू नये. पुडी हाताशी नसेल तर आपल्याकडे शाळेत शिकवतात ती घरची जलसंजीवनी चालते. उकळून गार केलेले लिटरभर पाणी, सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तिच्यात पोटॅशियम नसते, म्हणून पुडी मिळेल तेव्हा तीच सुरू करावी. मीठ घातलेली भाताची पातळ पेजही चालते. पिष्ट हळूहळू फुटते, त्यामुळे एकदम दाटी होत नाही आणि दाराला लागेल तसे ग्लुकोज मिळत राहते. आजीला एसजीएलटी-१ ठाऊक नव्हते, पेज ठाऊक होती.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप द्यावे, मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये, आणि डॉक्टरांना विचारून जस्ताच्या गोळ्या सोबत द्याव्यात. मूल पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, ते सुस्त पडले असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठावा आणि वाटेतही पाजत राहावे. कालवलेले द्रावण २४ तासांत संपवावे. उरले तर टाकून नवी पुडी फोडावी.